आधी फोन, मग वायर

सोमवारी सकाळी सव्वानऊला, अकराव्या घराच्या वाटेवर, माझा फोन मेला. गाडीला लावलेला असताना मेला, हे विशेष. वायरचं एक टोक फोनमध्ये, दुसरं स्टिरिओत, आणि फोन काळाठिक्कर. त्याआधी पाच मिनिटं गाणं तुटत तुटत वाजत होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण साडेपाचपासून दहा जणांच्या हातात सुया खुपसून झाल्यावर मला फारसं काही कळत नाही.

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढते. लॅब पत्ते फोनवर पाठवते, फोन रस्ता दाखवतो, पेशंटला फोन करायचा तो फोनवरूनच, आणि कुठल्या नळीत कुणाचं रक्त हेही फोनमध्येच भरायचं. त्यातली फक्त गाणी तेवढी माझी. दोन घरांच्या मध्ये दहा-बारा मिनिटं गाडीत बसायला मिळतं, तेवढ्यात कुणी मला "अहो, दुखेल का?" असं विचारत नाही. म्हणून फोन स्टिरिओला लावायचा, तो तिकडून चार्जही होतो आणि गातोही. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

अकरावं घर एका आजोबांचं होतं. रात्री आठपासून उपाशी, तपासणी साखरेची. मी औषधाच्या दुकानात गाडी थांबवली, दुकानदाराच्या फोनवरून लॅबला विचारून पत्ता मिळवला आणि पाऊण तास उशिरा पोचले. आजोबा दारातच उभे होते. म्हणाले, "बाई, तुम्ही रक्त काढायला आलात की प्यायला?" मी हसले नाही. हसायचं असतं, पण नाही हसले.

घरी आल्यावर मी हे सगळं बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

आमच्या ह्यांनी बावीस वर्षं गाड्यांना स्टिरिओ बसवले. ते आणि त्यांचा भागीदार, एका गाळ्यात दोन टेबलं. आमच्या गाडीतला स्टिरिओही त्यांनीच बसवलेला. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. डाव्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली, म्हणून उजवा हात गेला आणि वाचा गेली. पायाला काठी पुरते, पण हात अजून पिशवीसारखा लोंबतो. शब्द तीन उरले: हो, थांब आणि झालं. समजतं सगळं. उत्तर द्यायला मात्र हे तीनच. तुम्ही कधी तीन शब्दांच्या माणसाबरोबर दिवसाचे पंधरा तास राहून बघा. तुम्हीच बडबडायला लागता. मी भिंतींशीही बोलायला लागले होते.

तर मी म्हटलं, "तुमच्या स्टिरिओनं दगा दिला आज. फोन चार्ज होईना, गाणं तुटतंय." ते जेवत होते. चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि ते मला ओळखीचं होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की येतं ते.

"थांब," ते म्हणाले.

मंगळवारी मी तीनला घरी आले तर ते शर्ट घालून बसले होते. बटणं डाव्या हातानं लावलेली, एक चुकलेलं. पायाशी हत्यारांची पिशवी. मी म्हटलं, "राहू दे हो, दुकानात दाखवते." त्यांनी माझ्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. पडतील म्हणून मी मागोमाग खाली गेले आणि शेजारी उभी राहिले; तासाभरात स्टिरिओ बाहेर आला होता, त्याच्या जागी एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून वायरी लोंबत होत्या. बुधवारी त्या भोकाकडे बघत मी तेरा घरं केली.

घरच्या चार्जरवरही फोन नीट चार्ज होत नव्हता. त्याच्याखाली काडेपेटी ठेवून, तिरका करून, कसाबसा रात्रभर भरत होते. स्टिरिओवाल्याची बायको असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बुधवारी दुपारी तो तसाही चार्ज होईना, तेव्हा एका मोबाइलच्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या बाईनं फोन हातात घेतला, चार्जिंगच्या भोकात डोकावली, आणि एका दात कोरायच्या काडीनं आतून धुळीचा गोळा काढला. करडा, दाबून बसलेला, मसुराएवढा.

"ताई, ही काय उशी भरून ठेवलीय?" ती म्हणाली. "ॲप्रनच्या खिशात ठेवता ना फोन?"

वायर खट्कन बसली. फोन चार्ज व्हायला लागला. मी काउंटरला टेकून उभी राहिले.

दुकानात ह्यांचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे: आधी फोन, मग वायर, मग डॅशबोर्ड. लोक यायचे ते "स्टिरिओ गेला" म्हणतच यायचे. हे आधी फोन मागायचे, त्याच्या भोकात फुंकर मारायचे, काडी फिरवायचे, मग दुसरी वायर लावून बघायचे. दहातल्या आठ गाड्या डॅशबोर्डला हात न लावता परत जायच्या. भागीदार चिडायचा, म्हणायचा, शेठ, अशानं आपण उपाशी मरू. हे म्हणायचे, काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायला लावणारा मी नाही.

आणि माझा फोन त्यांनी मागितलाच नव्हता. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. सरळ डॅशबोर्ड खोलला. उजवा हात गेल्याचं मला दिसत होतं, जीभ गेल्याचं ऐकू येत होतं. पण हेही गेलंय, हे मला त्या काउंटरशी कळलं.

घरी जाऊन सांगायचंच असं ठरवून गेले. जिन्यातच ते भेटले. खाली निघालेच होते, पिशवी गळ्यात अडकवलेली, काठीनं एकेक पायरी उतरत. ह्या वेळी शर्टाचं एकही बटण चुकलं नव्हतं. मी बाजूला झाले. ते गाडीकडे गेले, मी वर आले आणि दार लावलं.

आणि घरात कुणी नव्हतं.

हे कसं सांगू? आठ महिन्यांत पहिल्यांदा मी घरात एकटी होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. कुणाला उठवायचं, बसवायचं, पुसायचं नव्हतं, कुणासाठी अंदाज बांधायचा नव्हता की आता पाणी हवंय की खिडकी बंद करायला हवीय. मी चप्पल न काढता पलंगावर आडवी झाले आणि पंख्याकडे बघत राहिले. तासभर. काही केलं नाही. उठले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, पण गुरुवारी दुपारी ते पुन्हा खाली गेले तेव्हा मी पुन्हा तेच केलं.

लोक म्हणतील, बायकोनं नवऱ्याचं मन राखलं. मन कसलं राखते! मी तो एक तास राखत होते.

गुरुवारी संध्याकाळी भागीदाराचा फोन आला. तो भला माणूस आहे, पण भल्या माणसांसारखंच कठीण काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

"वहिनी, खरं सांगा. शेठला जमेल का आता? एक माणूस विचारतोय शेठच्या टेबलासाठी. चांगला आहे. त्याला मी किती दिवस टोलवू? शेठ येणार असेल तर मी आजच नाही म्हणून सांगतो."

"ते आमच्या गाडीचं काम करतायत सध्या," मी म्हटलं.

"काय सांगता! एकट्यानं?"

"एकट्यानं."

"मग रविवारी येतो बघायला. तुम्ही हो म्हणालात की माझं झालं. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

फोन ठेवला आणि मी हिशोब करायला लागले. सकाळी मी जाते, दुपारी तीनला येते. हे दुकानात गेले तर सातपर्यंत येणार नाहीत. रोजचे चार तास. मी मनातल्या मनात त्या चार तासांत झोपूनही घेतलं. मग वाटलं, आणि एखाद्याच्या गाडीत ह्यांनी भलतीच वायर भलतीकडे लावली तर? स्टिरिओ जळेल, फ्यूज जाईल. बावीस वर्षांचं नाव जाईल, आणि तेही भरल्या दुकानात, लोकांदेखत. आणि ह्यांना तर तोंडानं "माझं चुकलं" एवढंही म्हणता येणार नाही.

शुक्रवारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन खाली गेले. ते डाव्या सीटवर बसून, वाकून, डाव्या हातानं आणि दातांनी वायर सोलत होते. उजवा हात मांडीवर. मी म्हटलं, "अहो, फोन बघितलात का माझा?" एवढंच म्हटलं. पुढचं त्यांनी ओळखावं अशी वाट बघत उभी राहिले. त्यांनी चहा घेतला, मान हलवली आणि म्हणाले, "थांब." मी थांबले. मग वर गेले. फोन माझ्या खिशातच होता, शंभर टक्के भरलेला.

रविवारी भागीदार अकराला आला. सोबत संत्री. आजारी माणसाकडे जाताना लोक आठ महिन्यांनंतरही संत्रीच आणतात. हे आधीच खाली होते. डॅशबोर्ड बंद झाला होता, भोक बुजलं होतं, आणि प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी पुसूनसुद्धा ठेवली होती. दुरून बघितलं तर सहा वर्षांपूर्वी बसवला होता तसाच.

ह्यांची पूर्वीपासूनची पद्धत अशी की काम झाल्यावर स्वतः चालू करून बघायचं नाही. गिऱ्हाइकाला चालकाच्या सीटवर बसवायचं, रोज करतो तसंच करायला सांगायचं, आणि आपण मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकायचं. त्यांनी मला खुणेनं पुढे बसवलं. स्वतः मागे बसले, डावीकडच्या दाराशी. भागीदार माझ्या शेजारी बसला, मांडीवर संत्र्यांची पिशवी.

मी किल्ली फिरवली. फोनला वायर लावली. चार्जिंगची खूण आली, आणि गाणं सुरू झालं. गाडीला फोन लावला की दरवेळी तेच गाणं लागतं, कारण ते 'अ'पासून सुरू होतं आणि यादीत पहिलं आहे. सहा वर्षं ऐकून मला त्याचा वीट आलाय.

गाणं वाजत होतं ते फक्त डावीकडून.

माझ्या गुडघ्याशी, माझ्याच दारात, स्पीकर आहे. तो गप्प होता. माझ्या मागच्या दारातलाही गप्प. भागीदाराच्या बाजूनं सगळा वाद्यमेळा चाललेला, आणि माझ्या बाजूला शुकशुकाट. मी भागीदाराकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं कान ज्याचं भांडवल, त्याला पहिल्याच सुरात कळलं होतं.

आरशात मला हे दिसत होते. डोळे मिटलेले, मान किंचित डुलत होती. त्यांच्या उजवीकडचं जग हल्ली असंच गायब असतं. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते, उजव्या गालावर दाढीचा पट्टा राहून जातो. डॉक्टर म्हणाले होते, दिसत नाही असं नाही, तिकडे लक्षच जात नाही.

"झालं," ते मागून म्हणाले.

"झकास!" भागीदार म्हणाला. "शेठ, एकदम झकास! एका हातानं! मानलं बुवा!" आणि त्यानं टाळी वाजवली.

लहान मुलानं वाकडातिकडा हत्ती काढला की वाजवतात तशी टाळी. व्यायाम घ्यायला येणारी बाई अशीच टाळी वाजवते. शेजारी अशीच वाजवतात. आठ महिने सगळं जग ह्यांच्यासमोर टाळ्या वाजवतंय, आणि ह्या माणसानं, ज्याच्याशी ह्यांनी बावीस वर्षं एकेका वायरीवरून वाद घातले, त्यानंही वाजवावी? माझं डोकं फिरलं. त्याच्यावर फिरलं की माझ्यावर, ते मला तेव्हा कळलं नाही. मीही बुधवारपासून मनातल्या मनात टाळ्याच वाजवत होते.

"झकास काय झकास?" मी म्हटलं. "उजवी बाजू मुकी आहे. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"वहिनी..."

"आणि फॉल्ट गाडीत नव्हताच. फोनच्या भोकात धूळ होती. बुधवारीच निघाली. मला बुधवारपासून माहीत आहे." मी मागे वळले. "अहो, ऐकलंत का? तुम्ही फोन बघितलाच नाहीत. आणि मीही तुम्हाला सांगितलं नाही. चार दिवस तुम्हाला खाली राबू दिलं."

गाणं आपलं डाव्या बाजूनं चालूच होतं. भागीदारानं ते बंद केलं.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन भोकात बघितलं आणि परत दिला. नंतर सरकत सरकत सीटच्या उजव्या टोकाला गेले, पूर्ण वळून बसले आणि डावा तळवा मागच्या उजव्या दारातल्या स्पीकरवर ठेवला. भागीदाराला मानेनं खूण केली, लाव. गाणं लागलं. तळवा तसाच ठेवून ते बसून राहिले. दार थरथरत नव्हतं.

मग ते उतरले आणि पुढचं डावं दार उघडून उभे राहिले. भागीदार उतरला. हे त्याच्या जागी बसले, पिशवी उघडली आणि पट्टी काढायला लागले.

"दे, मी करतो, पाच मिनिटांचं काम आहे," भागीदार म्हणाला आणि आत वाकला. ह्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"थांब."

मी चालकाच्या सीटवरच होते. उतरायचं त्राण नव्हतं. बघत होते. पट्टी निघाली, स्क्रू निघाले, स्टिरिओ बाहेर आला. ह्यांनी मान मुद्दाम उजवीकडे वळवली, जितकी वळेल तितकी, जड दार ढकलावं तशी. तिथे उजव्या स्पीकरांच्या वायरींच्या दोन जोड्या सुट्या लोंबत होत्या, करडी आणि जांभळी. चार दिवस तिथेच लोंबत असणार. त्यांनी त्या बोटानं हळूच हलवून बघितल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी डोळे मिटले.

आणि झोपले. खरंच झोपले. दोन माणसं शेजारी, गाडीचं दार सताड उघडं, भर दुपार, आणि मी स्टिअरिंगवर मान टाकून मेल्यासारखी झोपले.

जागी झाले ती गाण्यानं. ते सगळीकडून येत होतं, माझ्या गुडघ्याशी, मागून, समोरून. करडी जोडीला काळी टेप नीट गुंडाळली होती, जांभळीलाही. एक गुंडाळी सैल नव्हती. हे घामानं भिजले होते. भागीदार दाराशी उकिडवा बसला होता. ह्या वेळी त्यानं टाळी वाजवली नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जोड बरोबर आहेत, शेठ. मी केले असते तरी असेच."

ह्यांनी त्याचं मनगट धरलं, आपल्याकडे ओढलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. सव्वा तास झाला होता. मग त्यांनी गाडीच्या मागे बोट दाखवलं, तिथे रिकामी जागा होती. एक, दोन, तीन, चार, असं हवेत बोटानं मोजलं. मागे उभ्या असलेल्या गाड्या. हॉर्न वाजवणारी गिऱ्हाइकं.

"असू देत की उभी," भागीदार म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. दुकानात हेच काम हे करत तेव्हा गिऱ्हाइकाचा चहा अर्धासुद्धा होत नसे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ह्यांनी मान हलवली. पुन्हा घड्याळावर बोट ठेवलं.

"मग त्या माणसाला सांगू का? टेबलाचं?"

"हो," ते म्हणाले.

भागीदार उठला. त्यानं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, संत्री माझ्या हातात दिली आणि गेला. फाटकापर्यंत त्यानं मागे वळून बघितलं नाही. मला वाटतं, त्याला रडू येत होतं.

आम्ही दोघंच गाडीत उरलो. मी गाणं बंद केलं.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही दुकानात जावं असं मला वाटत होतं. तुमच्यासाठी नव्हतं वाटत. मला दुपारचं घरात एकटीला पडायचं असतं. तुम्ही खाली यायचात तेव्हा मी वर नुसती पडून असायचे. म्हणून मी फोनचं बोलले नाही."

बोलून टाकलं एकदाचं. त्यांनी रागवावं, काठी आपटावी, किल्ली फेकावी, काहीही करावं म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, उजवीकडे, पूर्ण.

"हो," ते म्हणाले.

त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मला सांगता यायचं नाही आणि त्यांनाही. त्या 'हो'मध्ये थोडा जरी राग असता तरी मी भांडले असते, आणि भांडून हलकी झाले असते. तो सापडेना. मी संत्र्यांच्या पिशवीवर तोंड दाबून रडले, आणि खरं सांगते, त्यांच्यासाठी कमी रडले, माझ्या त्या चार तासांसाठी जास्त.